उशाशी जागता पहारा

आजारी माणूस ‘अचानक’ गेला, असे लोक म्हणतात. परंतु रुग्णालयातील नोंदी मागाहून चाळल्या, तर पुष्कळदा असे आढळून येते की, तो घाला तितकासा अचानक नव्हता. काही तास आधीपासून श्वासाची गती वाढलेली होती, नाडी जलद झाली होती, बोलण्यात किंचित भ्रम आला होता. मृत्यूने वर्दी धाडली होती. ती घेणारे मात्र कोणी नव्हते. ही वर्दी वेळेवर घेण्याची विद्या मनुष्याने कशी संपादन केली, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक उद्बोधक अध्याय आहे. त्या अध्यायात वैद्याइतकाच वाटा रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेचाही आहे.

नाडी पाहण्याची कला प्राचीन आहे; परंतु दीर्घकाळ ती पाहणाऱ्याच्या बोटांतच राहिली. एका वैद्याला जे जाणवले, ते दुसऱ्याला जसेच्या तसे सांगण्याची सोय नव्हती. १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने एक मिनिट चालणारे घड्याळ नाडी मोजण्यासाठी पुढे आणले आणि जाणिवेला आकड्याची जोड मिळाली. १८६८ मध्ये लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या उष्णतामानाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे आणि त्याचा चढउतार पाहून रोगाची वाटचाल ओळखता येते, हे त्यांनी दाखविले. १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा सिद्ध केला, तर १९०१ मध्ये अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी तो इटलीत पाहून आपल्या देशी नेला. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. आकड्यांची ओळ मात्र बोलू लागते, हा या साऱ्या प्रयत्नांतून निघालेला धडा होय. रुग्णाच्या खाटेशी टांगलेला तक्ता हे त्या धड्याचेच दृश्य रूप आहे.

तथापि तक्ता भरणे आणि रुग्ण पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आधीच ओळखले होते. क्रिमियन युद्धात १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात काम केल्यानंतर त्यांनी शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यातील एक स्वतंत्र प्रकरण रुग्णाच्या निरीक्षणाला वाहिलेले आहे. निरीक्षण हे माहितीचा साठा करण्यासाठी नसून प्राण वाचविण्यासाठी असते, असा त्यांचा आग्रह होता. शस्त्रक्रियागृहालगतच्या लहान खोलीत रुग्णांना सावरेपर्यंत ठेवण्याच्या प्रथेचीही त्यांनी नोंद केली आहे. पुढे ज्याला ‘अतिदक्षता विभाग’ हे नाव मिळाले, त्याचे बीज या खोलीत दिसते.

त्या बीजाला अंकुर फुटला तो मात्र एका भयंकर साथीत. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओचा प्रकोप झाला. शहरातील ब्लेगडम रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली. पुष्कळांचे श्वसनाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले होते. घशातील स्राव श्वासनलिकेत उतरून ते गुदमरत. अशा रुग्णांसाठी रुग्णालयापाशी होते काय? ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणून ओळखले जाणारे एक यंत्र आणि छातीवर बसवावयाची सहा कवचे. पहिल्या काही आठवड्यांत अशा यंत्रोपचाराखाली ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

या संकटाचा सर्वांत बोधप्रद भाग साधनांच्या तुटवड्यात नसून निदानाच्या चुकीत आहे. रुग्णांना प्राणवायू दिला जात असल्याने त्यांच्या ओठांचा रंग बरा दिसे. मात्र त्यांना दरदरून घाम फुटे, रक्तदाब चढे आणि मग ते बेशुद्धीत जात. रक्ततपासणीत कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले आढळे. हा वायू रक्तात काही अंशी क्षाररूपाने असतो आणि त्या काळची तपासणी सर्व रूपांची केवळ बेरीज सांगत असे. त्यामुळे रक्तातील क्षारधर्म वाढला आहे, असा तर्क डॉक्टरांनी केला. आकडा खरा होता. त्याचा अर्थ मात्र उलटा लावला गेला होता.

२५ ऑगस्ट रोजी रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला विचारविनिमयासाठी बोलाविले. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास अपुरा पडला म्हणजे काय होते, हे इब्सेन यांनी शस्त्रक्रियागृहात नित्य पाहिलेले होते. घाम आणि चढलेला रक्तदाब या खुणा त्यांना परिचित होत्या. हा क्षार वाढल्याचा प्रकार नसून उच्छ्वासावाटे बाहेर न पडलेला वायू साचल्याचा प्रकार आहे, असे त्यांनी सांगितले. दोनच दिवसांनी त्यांनी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीवर आपल्या म्हणण्याचा प्रयोग केला. गळ्याशी छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. प्रारंभी तिची अवस्था अधिकच बिघडली. पण श्वास पुरेसा मिळू लागताच घाम ओसरला, रक्तदाब उतरला. हवा कमी केली की त्याच खुणा पुन्हा प्रकट होत. ती मुलगी वाचली. रक्त क्षारधर्मी नसून आम्लधर्मी झाले आहे, हे पॉल अॅस्ट्रप यांच्या प्रयोगशाळेतील मोजणीनेही सिद्ध झाले.

आता प्रश्न उरला तो पिशव्या दाबणाऱ्या हातांचा. तेवढी यंत्रे नव्हती; म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना बोलाविण्यात आले. पाळीपाळीने सुमारे १,५०० विद्यार्थी रुग्णांच्या उशाशी बसले. साथ ऐन भरात असताना एकाच वेळी सत्तर रुग्णांचा श्वास अशा रीतीने माणसांच्या हातांवर चालला होता. परिचारिका स्राव शोषून काढीत, रुग्णाला कुशीवर वळवीत, नाडी आणि रक्तदाब टिपीत. ज्यांना बोलता येत नव्हते, त्यांच्या डोळ्यांतूनच त्यांचे मागणे जाणून घ्यावे लागे. मृत्यूचे प्रमाण शेकड्यास ऐंशीहून अधिक होते, ते चाळीसपर्यंत आणि पुढे त्याहूनही खाली आले. रुग्णांना वाचविले ते एका अचूक निदानाने आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या अखंड जागरणाने.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी त्याच शहरातील कोमुने रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी चोवीस तास जागता विभाग उघडला. त्यासंबंधीच्या आपल्या लेखनात त्यांनी त्याला ‘निरीक्षण-विभाग’ म्हटले, हे सूचक आहे. पुढील दशकात फिलाडेल्फिया येथे हृदयविकाराच्या रुग्णांसाठी निघालेल्या विभागात लॉरेन्स मेल्ट्झर व रोझ पिनिओ यांनी परिचारिकांना हृदयालेख वाचावयास शिकविले. एवढेच नव्हे, तर डॉक्टर येईपर्यंत न थांबता विजेचा झटका देऊन हृदयाची लय सावरण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. जी पाहते, तिनेच निर्णयही घ्यावयाचा, ही त्या काळी मोठी क्रांती होती. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धीची खोली मोजण्याची रीत घालून दिली. डोळे कशाने उघडतात, उत्तर कसे येते आणि हात-पाय कसे हलतात, एवढेच तीत पाहावयाचे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. ‘रुग्ण सुस्त आहे’ या मोघम शब्दांऐवजी रात्रपाळीची परिचारिका दिवसपाळीच्या परिचारिकेला नेमका आकडा सांगू लागली.

त्याच वर्षी जपानमध्ये ताकुओ आओयागी यांच्या संशोधनातून बोटावर लावावयाच्या ऑक्सिमीटरचे तत्त्व पुढे आले. २०२० आणि २०२१ च्या कोविड साथीत हे चिमुकले यंत्र भारतातील लक्षावधी घरांत पोहोचले. वरवर बरा दिसणारा, बोलणारा-चालणारा माणूसही आतून प्राणवायूला मुकत असतो, हे त्याने अनेक कुटुंबांना वेळीच कळविले. परंतु त्याच्याही मर्यादा आहेत. काळसर त्वचेच्या रुग्णांत ते वास्तवाहून अधिक आकडा दाखवू शकते, याकडे २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने लक्ष वेधले. शिवाय ते साचलेला कार्बन डायऑक्साइड मुळीच दाखवीत नाही. प्राणवायू चालू असताना आकडा समाधानकारक आणि रुग्ण मात्र गुंगीत, असे घडू शकते. ब्लेगडमच्या रुग्णांचे गुलाबी ओठ जी दिशाभूल करीत होते, तीच हे यंत्र आजही करू शकते.

म्हणूनच ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ मध्ये धोक्याची पूर्वसूचना देणारी जी गुणपद्धती प्रसृत केली, तीत प्राणवायू, नाडी, रक्तदाब, उष्णतामान आणि शुद्धी यांच्याबरोबर श्वासाच्या गतीलाही मानाचे स्थान आहे. मिनिटाला पंचवीस किंवा अधिक श्वास ही एकच गोष्ट त्या पद्धतीत सर्वाधिक धोक्याचे गुण मिळविते. आणि नेमकी हीच नोंद गर्दीच्या विभागांतून अंदाजाने भरली जाण्याचा संभव अधिक असतो. कारण ती घेण्यासाठी घड्याळ हाती धरून एक मिनिटभर रुग्णाच्या छातीकडे पाहत उभे राहावे लागते. कोपनहेगनमध्ये इब्सेन यांनी जे ओळखले, ते अशाच पाहण्यातून. त्यांच्यापुढे असलेली लक्षणे इतर सर्वांपुढेही होती. त्या एका मिनिटाची उसंत परिचारिकेला मिळावी, एवढे मनुष्यबळ रुग्णालयात असणे, हा कोणत्याही यंत्राच्या खरेदीइतकाच निकडीचा खर्च होय.