हललेले जग, अढळ ‘मी’ : मराठी विज्ञानकथेतील वास्तव आणि स्वत्व

मराठी विज्ञानकथेची चर्चा आजवर बहुतांशी तीत विज्ञान किती आणि कथा किती, या मोजमापातच अडकून राहिली. त्यामुळे एक अधिक मूलभूत प्रश्न मागे पडला. वास्तव म्हणजे काय, आणि ते अनुभवणारा माणूस कोण, हे ही कथा कोठवर विचारते? ऐतिहासिक क्रमाने पाहिले तर यांतील पहिला प्रश्न तिने निर्भयपणे विचारला, दुसऱ्याच्या उंबरठ्यावर मात्र ती बहुधा थबकली, असे दिसून येते.

ज्यूल व्हर्नच्या अनुवादांपासून मराठीत या प्रकाराची ओळख असली, तरी त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली ती १९७४ नंतर. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पुरस्कारप्राप्त ठरली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून हे नाव घेतले होते, आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा मंगला नारळीकरांच्या अक्षरात लिहून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला आणि विज्ञानकथा हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून स्थिरावला.

उलट क्रमाच्या आद्याक्षरांचा हा खेळ पुढे कथेच्या आशयातही उतरला. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियसच्या पट्टीची संकल्पना वापरून माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो. डावे उजवे होते. माणूस मात्र तोच राहतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत वास्तवाविषयीचा संशय अधिक खोल जातो. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात, जिच्या भूतकाळात १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटलेले पान उरते. त्यावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, ती चाटून जाते. पुंजभौतिकी आणि आपत्तिसिद्धान्त यांच्या साहाय्याने या पानाचा उलगडा केला जातो.

हे पान कथेतील सर्वांत समर्थ प्रतीक होय; पण त्याचे कार्य दुहेरी आहे. जग अनेक असू शकतात हे ते सिद्ध करते, आणि त्याच वेळी त्यांतून जाणारे गंगाधरपंत एकच आहेत याची हमीही देते. वस्तुतः त्या दुसऱ्या मुंबईतील ग्रंथालयात पंतांना स्वतःचेच इतिहासाचे खंड सापडतात. त्यांतील अखेरचा खंड मात्र वेगळा इतिहास सांगतो. तो लिहिणारा दुसरा गंगाधरपंत कोण, आणि या अवधीत तो कोठे होता? कथा स्वतःच हा प्रश्न निर्माण करते आणि त्याला स्पर्श न करता पुढे जाते. फिलिप के. डिक यांच्या १९५३ च्या ‘इम्पोस्टर’ या कथेत आपण माणूसच आहोत अशी खात्री बाळगणारा नायक अखेर यंत्र ठरतो. तेथे पुरावा स्वत्वाला आधार देत नाही, ते नष्ट करतो.

मराठीत दुसऱ्या प्रश्नाकडे जाणारी वाट लक्ष्मण लोंढे यांच्या ‘दुसरा आइन्स्टाईन’ या कथेत दिसते. बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ (१९९३) या इंग्रजी संग्रहामुळे ती मराठीबाहेरही पोचली. मरणपंथाला लागलेल्या शास्त्रज्ञाचा केवळ मेंदू जिवंत ठेवला, तर उरते ते कोण, हा तिच्या कल्पनेतच असलेला प्रश्न आहे. तथापि अशा कथांना प्रवाहाचे रूप आले नाही.

याचे कारण लेखकांच्या कुवतीत नसून वाङ्मयप्रकारांच्या वाटणीत शोधावे लागते. विज्ञानकथेवर वैज्ञानिक दृष्टीच्या प्रसाराची जबाबदारी होती. परकायाप्रवेश, झपाटणे, अंगात येणे हे ‘मी’ दुभंगण्याचे परंपरागत अनुभव तिच्या दृष्टीने अंधश्रद्धेच्या प्रांतात मोडत होते. हा प्रांत भयकथेच्या वाट्याला आला. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी दोन्ही प्रकार हाताळले. त्यांतील भयकथाच त्यांची मुख्य ओळख ठरली, हे सूचक आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे साहित्य संमेलन भरले. नारळीकर त्याचे अध्यक्ष होते, मात्र प्रकृतीमुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत. ५ डिसेंबरला समारोप झाला, त्याच दिवशी मार्गशीर्ष सुरू झाला. याच जिल्ह्यातील कळवण तालुक्यात कोकणा, भिल्ल आदी आदिवासी मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. व्रत घेतलेल्या माउलीच्या अंगात वारे येते तेव्हा बोलणारा कोण, हे समूह ऐकून ठरवतो. येथे स्वत्व बंदिस्त नाही. ते काही काळ दुसऱ्याला जागा देते आणि पुन्हा नेहमीच्या माणसाकडे परतते. या अनुभवाला वैज्ञानिक सत्य मानण्याचे कारण नाही. परंतु माणूस एकसंध असतो हे विज्ञानकथेने सिद्ध केलेले सत्य नसून सुशिक्षित, नागर निवेदकाने गृहीत धरलेली बाब आहे, एवढे तो लक्षात आणून देतो.

नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या कथेने मराठी वाचकाला जगाकडे संशयाने पाहण्यास शिकवले, हे तिचे ऐतिहासिक ऋण आहे. तोच संशय पाहणाऱ्याकडे वळवणे हे तिच्या वारसदारांपुढचे काम राहते. त्यासाठी भयकथेला देऊन टाकलेला प्रांत विज्ञानकथेला परत मागावा लागेल, आणि तोही विवेक न सोडता.