शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि बडोद्याची बालसखी

वर्गात कॉम्प्युटर आला की पोरं शिकतात का? आपल्या धंद्यातली माणसं "अर्थात!" म्हणून मोकळी होतात. पण इतिहास जरा खट्याळ आहे.

२००५ साली एमआयटीच्या निकोलस नेग्रोपोंटेंनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. हार्डवेअर म्हणून चीज अफलातून होती. भर उन्हात वाचता येईल असा स्क्रीन, वीज अगदी कमी, शेजारच्या लॅपटॉपशी आपोआप नेटवर्क. (किंमत मात्र दोनशेच्या आसपासच राहिली.) आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्ये नकार दिला, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत तो पोचला. पेरूने तर लाखोंनी घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला: सव्वा वर्षानंतरही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक नाही! आकलनाच्या चाचण्यांत थोडी सुधारणा होती, एवढंच.

म्हणजे सगळं फुकट? थांबा. त्याआधीच बडोद्यात उलटं घडलं होतं. गुजरात सरकारने २००० साली तिथल्या म्युनिसिपल शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले, आणि बहुतेक ठिकाणी ते नुसते पडून राहिले. मग 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. आठवड्याला दोन तास, एका मशीनवर दोन मुलं, आणि मदतीला वस्तीतलाच एक प्रशिक्षित माणूस. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं. दुसऱ्या वर्षअखेर गणिताचे गुण ०.४७ स्टँडर्ड डेव्हिएशनने वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत हा आकडा दणदणीतच म्हणायचा. गुजराती भाषेत मात्र काही फरक नाही. खेळच गणिताचे होते ना.

पण त्याच अभ्यासात एक 'बालसखी' होती, मुंबईत आणि बडोद्यात. वस्तीतलीच शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पोरांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. तिच्यामुळे गुण ०.२८ ने वाढले, म्हणजे कॉम्प्युटरहून कमी. खर्च मात्र मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर! कॉम्प्युटरचा पंधरा. आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने मोजलं, तेव्हा दोन्हींचा फायदा ओसरून ०.१० च्या आसपास आला होता.