कायद्यातील पीएच.डी. : विद्यावेतनासह जागा कशी मिळवावी?

एलएल.एम. झालेल्या विद्यार्थ्यासमोर साधारणपणे दोन वाटा असतात. एक न्यायालयाकडे जाते, दुसरी विधी महाविद्यालयाकडे. पूर्णवेळ संशोधनाची तिसरी वाट अनेकांना आकर्षित करते; परंतु तिच्या तोंडाशीच खर्चाचा प्रश्न उभा राहतो. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखालील उमेदवारीची पहिली वर्षे तशीही तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. त्यात आणखी चार-पाच वर्षे प्रबंधासाठी द्यायची, तर घरखर्च कसा चालवायचा? त्यामुळे कायद्यातील पीएच.डी.चा विचार करताना ‘प्रवेश कोठे मिळेल’ याइतकाच ‘त्यासोबत पैसा कोण देईल’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि बहुतेकांची गल्लत तेथेच होते.

प्रवेश वेगळा, पैसा वेगळा

विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले म्हणजे विद्यावेतन मिळालेच, असे नाही. ब्रिटनमधील विद्यापीठांत तर हा अनुभव नेहमीचा आहे. प्रवेश समिती एक असते, पाठ्यवृत्ती ठरविणारी समिती दुसरी. प्रवेश मिळूनही पैशाअभावी जागा सोडावी लागलेले विद्यार्थी दरवर्षी असतात. म्हणून दोन्ही अर्जांच्या मुदती स्वतंत्रपणे टिपून ठेवणे आवश्यक असते. पाठ्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपलेली असणे मुळीच दुर्मीळ नाही.

पैसा किती वर्षांसाठी आहे, हेही पाहावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमधील अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून पैसे साठवल्यावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊ शकले. त्यांचा प्रबंध अर्थशास्त्राचा होता, कायद्याचा नव्हे. तथापि, तीन वर्षांचे विद्यावेतन आणि साडेचार वर्षांचा प्रबंध यांतील दरी आजही तशीच आहे.

देशातील मार्ग

भारतात कायद्याच्या संशोधकासाठी सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जेआरएफ. ती राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळते. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रासाठी होते आणि कायदा हा तिच्यातील स्वतंत्र विषय आहे. पहिली प्रश्नपत्रिका १०० गुणांची सर्वांसाठी समान, दुसरी २०० गुणांची विषयाची. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पदव्युत्तर परीक्षेत खुल्या गटासाठी ५५ टक्के गुणांची अट आहे आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसता येते. वेळापत्रकावर मात्र पूर्ण विसंबून राहता येत नाही. १८ जून २०२४ रोजी झालेली परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि फेरपरीक्षा ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरच्या सुरुवातीला घ्यावी लागली.

जेआरएफसाठी ३० वर्षांची वयोमर्यादा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांना तीत पाच वर्षांची सवलत मिळते, हे सर्वश्रुत आहे. पण एलएल.एम. पदवीधारकांना तीन वर्षांची स्वतंत्र सवलत आहे, याची कित्येकांना कल्पनाही नसते. काही वर्षे वकिली करून मग संशोधनाकडे वळलेल्या उमेदवाराला ‘आता वय उलटले’ असे वाटते, तेव्हा ही तीन वर्षे त्याच्या हातात असतात. एकूण सवलत मात्र पाच वर्षांपेक्षा अधिक होत नाही.

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३७ हजार रुपये झाली. दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होऊन ती ४२ हजारांवर जाते. घरभाडे भत्ता आणि वार्षिक आकस्मिक खर्चाचे अनुदान वेगळे. एकंदर कालावधी जास्तीत जास्त पाच वर्षांचा. रक्कम काही महिने थकण्याचे प्रकार अनेक ठिकाणी घडले आहेत. तेव्हा हाताशी थोडी शिल्लक ठेवूनच सुरुवात केलेली बरी.

जून २०२४ च्या सत्रापासून नेटला आणखी एक महत्त्व आले. या परीक्षेचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जाऊ लागले. जेआरएफ मिळालेल्यांना मुलाखतीवर प्रवेश, तर इतर पात्र उमेदवारांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश, अशी ही पद्धत आहे. या दुसऱ्या गटातील उमेदवारांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. त्यामुळे मार्गदर्शकाच्या हाताखाली जागा रिकामी आहे की नाही, याची चौकशी निकालानंतर नव्हे, आधीच करावी लागते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. कायद्याच्या विभागांत मान्यताप्राप्त मार्गदर्शक मुळातच कमी, म्हणून ही मर्यादा तेथे अधिक जाचते.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या विशिष्ट समाजगटांसाठी असून कायद्याच्या संशोधकांनाही खुल्या असतात. जागांची संख्या आणि अटी वेळोवेळी बदलत असल्याने त्या-त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएच.डी.लाही मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत मात्र २०२२ पासून एक अडचण आहे. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय तीतून वगळण्यात आले. भारतातील कायद्याच्या सामाजिक परिणामांवर परदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्याने विषय ठरविण्यापूर्वीच ही अट वाचलेली बरी.

नोकरी म्हणून पीएच.डी.

युरोपातील काही देशांत पीएच.डी. करणारा हा विद्यार्थी नव्हे, तर विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. नेदरलँड्समध्ये अशी जागा रीतसर जाहिरात देऊन भरली जाते. नेमणूक साधारण चार वर्षांची. पहिला करार वर्ष-दीड वर्षाचा असतो आणि मूल्यमापन समाधानकारक झाल्यास पुढील मुदत मिळते. वेतन विद्यापीठांच्या सामूहिक करारानुसार ठरते. अलीकडच्या वर्षांत ते पहिल्या वर्षी करापूर्वी दरमहा सुमारे तीन हजार युरो असून दरवर्षी वाढत जाते. बदल्यात थोडे अध्यापनही करावे लागते. नॉर्वेमध्येही अशाच जागा असतात. तेथे तीन वर्षांची नेमणूक, किंवा चौथा हिस्सा वेळ अध्यापनादी कामाला देऊन चार वर्षांची नेमणूक, अशी पद्धत आहे.

या जागांच्या अर्जात भारतीय उमेदवारांची एक चूक पुन:पुन्हा होते. जाहिरातीतील विषय प्राध्यापकाने आधीच ठरविलेला असतो, कारण त्या विषयासाठीच त्याला निधी मिळालेला असतो. अशा ठिकाणी उमेदवार आपल्या एलएल.एम.च्या लघुप्रबंधाचा विषय पुढे रेटतो आणि पहिल्याच चाळणीत बाद होतो. जाहिरात हवामान बदलाविषयीच्या दाव्यांची असेल, तर त्या दाव्यांवर उमेदवाराने काय वाचले आहे, प्रकल्पातील कोणता भाग तो पेलू शकेल आणि भारतीय न्यायालयांचा अनुभव तेथे कसा उपयोगी पडेल, हे पत्रात यायला हवे. आपला संपूर्ण शैक्षणिक इतिहास उगाळण्याचे कारण नाही; तो परिचयपत्रात असतोच.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतील जागांना आणखी एक अट असते. नेमणुकीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवाराने त्या देशात १२ महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य केलेले नसावे. जर्मनीत नुकतेच दोन वर्षांचे शिक्षण घेतलेल्याला त्यामुळे जर्मनीतील जागा बंद होते, पण शेजारच्या बेल्जियममधील खुली राहते.

जर्मनीची स्वतःची पद्धत मात्र निराळी आहे. तेथील विधी विद्याशाखा पारंपरिकरीत्या त्यांच्या राज्य परीक्षेतील श्रेणी पाहतात. १८ पैकी ९ गुण ही अनेक ठिकाणची अपेक्षा असते आणि तेवढे गुण मिळविणारे जर्मन विद्यार्थीही थोडेच. परदेशी उमेदवारासाठी त्याच विद्याशाखेतून एलएल.एम. करणे हा पुष्कळ ठिकाणी मान्य असलेला पर्याय आहे. हायडेलबर्ग, हॅम्बुर्ग, म्युनिक, फ्रायबुर्ग व फ्रँकफर्ट येथील माक्स प्लांक संस्था कायद्याच्या संशोधनासाठी ख्यातनाम आहेत. परंतु पदवी विद्यापीठच देते, हे विसरता कामा नये.

ब्रिटनमध्ये शासकीय संशोधन परिषदांच्या पाठ्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना मर्यादित प्रमाणात खुल्या झाल्या. २०२५-२६ साठी त्यांचे किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड ठरले होते. ऱ्होड्स, फेलिक्स, राष्ट्रकुल या पाठ्यवृत्त्या सर्वांना माहीत असतात, म्हणूनच तेथे गर्दीही अधिक. मुंबईतील इनलॅक्स प्रतिष्ठान आणि १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा न्यास यांचा विचारही करावा. टाटा न्यासाची मदत कर्जरूपाची असते, ती परत करावी लागते.

भारतातील एक वर्षाच्या एलएल.एम.चा प्रश्न येथे उपस्थित होतो. आयोगाने २०१२ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू करण्यास संमती दिली. पुढे बार कौन्सिलने तो बंद करण्याचे नियम केले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परदेशातील काही विद्यापीठे दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचा आग्रह धरतात. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी संबंधित कार्यालयाला एक साधा ई-मेल पाठवून खात्री करून घेतली, तर महिन्यांचे श्रम वाचतात.

संशोधन आराखडा

स्वतःचा विषय मांडण्याची मुभा जेथे असते, तेथे सर्व भार आराखड्यावर येतो. ‘भारतातील गृहनिर्माण कायदा : एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक कोणत्याही समितीला काहीच सांगत नाही. त्यात प्रश्न नाही. याउलट मुंबई-पुण्यातील हजारो सोसायट्यांना परिचित असलेला मानीव अभिहस्तांतरणाचा विषय घ्या. मोफा कायदा १९६३ चा. विकासकाने जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर सक्षम प्राधिकारी ती एकतर्फी करून देऊ शकतो, ही तरतूद २००८ पासून अमलात आली. पण मालकी हक्काचा खरा वाद प्राधिकाऱ्याने सोडवायचा नसतो. तो दिवाणी न्यायालयाचा प्रांत. मग शिल्लक चटईक्षेत्रावर विकासक हक्क सांगतो, तेव्हा प्राधिकारी नेमके काय तपासतो? हाच निकष सर्व जिल्ह्यांत सारखा लावला जातो का? २०१६ च्या रेरा कायद्याने अभिहस्तांतरणाची स्वतंत्र मुदत घातल्यावर दोन कायद्यांचा मेळ कसा बसतो?

असा प्रश्न हाती आला की पद्धती आपोआप ठरते. निवाड्यांचे वाचन आलेच. त्याखेरीज जिल्हा उपनिबंधकांचे आदेश मिळवून त्यांचे वर्गीकरण करावे लागेल. ते आदेश मिळतील कसे, किती वर्षांचे घ्यायचे, कोणते जिल्हे निवडायचे, हे आराखड्यात लिहिलेले असले की समितीला उमेदवाराने विचार केल्याचे दिसते. ‘ग्रंथाधारित व क्षेत्राधारित अशा दोन्ही पद्धतींचा अवलंब केला जाईल’ या ठरावीक वाक्याने तसे काही दिसत नाही. आधीच्या संशोधनाचा आढावा घेताना केवळ नावांची यादी देऊ नये. कोणत्या अभ्यासकाने प्रश्न कोठवर आणून सोडला, ते सांगावे. दुसऱ्याच्या आराखड्यातील परिच्छेद उचलणे तर आत्मघातकी. संगणकीय तपासणीत ते उघड होते आणि मुलाखतीत त्याआधीच.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना त्याचा एखादा लेख खरोखर वाचलेला असावा. पत्र एका पानाचे, सोबत दोन पानांचा आराखडा. एकाच मजकुराची पत्रे पन्नास प्राध्यापकांना गेलेली आहेत, हे वाचणाऱ्याला तत्काळ कळते.

शिफारसपत्रांबाबतही एक गैरसमज रूढ आहे. निवृत्त न्यायमूर्ती किंवा नामवंत वकील यांच्या चार ओळींच्या पत्राने समिती प्रभावित होत नाही. ज्या अध्यापकाने लघुप्रबंध तपासला, त्यातील तिसरे प्रकरण पुन्हा लिहायला लावले आणि ते कसे सुधारले हे पाहिले, त्याचे पत्र मोलाचे. त्याला निदान सहा आठवडे आधी विचारावे.

सनदेचे काय?

सनद घेतलेल्या वकिलांनी एक बाब विसरू नये. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी स्वीकारल्यास ज्या बार कौन्सिलकडे नोंदणी आहे तिला कळवून वकिली थांबवावी लागते. विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकविण्यास मात्र १९७९ च्या नियमांनी परवानगी दिली आहे. नेदरलँड्स-नॉर्वेतील जागा ही सरळसरळ पगारी नोकरी ठरते. जेआरएफ हे वेतन नव्हे. तरी ती घेणाऱ्याने पूर्णवेळ संशोधन करायचे असते आणि त्या काळात अन्य मार्गाने मानधन घ्यायचे नसते, त्यामुळे वकिलीची फीही त्यात बसत नाही. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यांनी रुजू होण्यापूर्वीच लेखी अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवावी. पुढे सनद पूर्ववत करून घेताना ती दाखवावी लागते.