टुंड्राची बखर

उत्तर ध्रुवाचें नांव निघतांच डोळ्यांपुढें बर्फाचें वाळवंट उभें राहतें. परंतु जेथें वृक्षांची सीमा संपते, तेथें वनस्पतींचें राज्य संपत नाहीं. आर्क्टिक महासागराच्या कडेनें टुंड्रा नांवाचा विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. शेवाळें, तृणें, दगडफुलें आणि विलो, अल्डर व बर्च यांचीं खुजीं झुडपें ही तेथील प्रजा. यांतील बर्च म्हणजे हिमालयांतील भूर्जवृक्षाच्याच कुळांतला.

हें राज्य अचल भासतें. पण तें तसें नाहीं. सरोवरांच्या तळाशीं साचलेल्या गाळाच्या थरांत त्या त्या काळचे परागकण टिकून राहतात. ते वाचले म्हणजे त्या भूमीची बखरच हातीं येते. अलास्कांतील बखर सांगते कीं, हिमयुगाच्या ऐन भरांत तेथें गवत व दवण्याच्या वर्गांतील वनस्पती वाढत आणि त्यांवर मॅमथ चरत. पुढें सुमारें १४,००० वर्षांपूर्वीं हवा ऊबदार व ओलसर होऊं लागली, आणि ठेंगण्या बर्चनें ती भूमि व्यापिली. तेव्हां झुडपांची स्वारी तेथें नवी नव्हे.

अलीकडच्या स्वारीचा पुरावा मात्र योगायोगानें लाभला. अमेरिकन आरमारानें अलास्काच्या उत्तर भागांत खनिज तेलाचा शोध चालविला होता. त्या कामीं १९४८ ते १९५० या काळांत विमानांतून हजारों छायाचित्रें घेण्यांत आलीं. हेतु तेलाचा होता. झुडपें त्यांत आपोआप आलीं. पुढें १९९९ व २००० सालीं मॅथ्यू स्टर्म, चार्ल्स रॅसीन व केनेथ टेप या संशोधकांनीं त्याच स्थळांचीं पुन्हां छायाचित्रें घेतलीं. जुनीं व नवीं शेजारीं ठेवतांच अर्ध्याहून अधिक ठिकाणीं फरक उघड दिसला. झुडपें उंच व दाट झालीं होतीं. मोकळ्या उतारांवरही त्यांनीं बस्तान बसविलें होतें.

वाढत्या उष्णतेला झुडपांचेंही साह्य होतें, अशी स्टर्म यांची उपपत्ति आहे. झुडपें वाऱ्याबरोबर उडणारें हिम अडवितात. हिमाचा तो जाड थर रजईप्रमाणें जमिनीची ऊब राखतो. मातींतील सूक्ष्म जीव हिवाळ्यांतही आपलें काम चालूं ठेवतात, आणि त्यांतून झुडपांना अधिक पोषण मिळतें.

१९९० सालीं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं 'आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोग' आरंभिला. तेव्हांपासून जमिनीवर चौकोन आंखून त्यांतील वनस्पतींची पुनःपुन्हां नोंद होत आली आहे. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ४५ प्रदेशांतील ४९० जातींचा हिशेब मांडण्यांत आला. जातींची एकंदर सरासरी संख्या फारशी बदललेली दिसली नाहीं. परंतु कोठें नव्या जाती आल्या, कोठें जुन्या गेल्या, आणि झुडपें पसरलीं तेथें हानि अधिक झाली.

ही हानि केवळ वनस्पतींची नव्हे. महाराष्ट्राच्या मसाल्यांत पडतें त्याच वर्गांतील दगडफूल खाऊन कॅरिबू नांवाचीं हरणें हिवाळा काढतात. झुडपांच्या सावलींत दगडफूल टिकत नाहीं; आणि अलास्का व कॅनडांतील ग्विचिन लोकांचें अन्न व जीवनक्रम पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबूंवर अवलंबून आहे.

इतका मोठा पालट इतक्या संथपणें होतो कीं, तेथें राहणारासही त्याचें माप सांगणें कठीण. तेलासाठीं काढलेलीं तीं जुनीं छायाचित्रें कोणीं जपून ठेविलीं नसतीं, तर बखरीचें हें पान कोरेंच राहिलें असतें.