रमोन्सची पहिली ध्वनिमुद्रिका आणि तिचे श्रोते

कोणत्याहि कलाकृतीचा इतिहास लिहितांना आपण बहुधा तिच्या कर्त्याचाच इतिहास लिहितों. ती कोणीं रचिली, केव्हां रचिली, कोणाच्या आश्रयानें रचिली, एवढें सांगून झालें कीं इतिहासकार लेखणी खालीं ठेवतो. परंतु ती कोणीं ऐकिली, आणि ऐकून त्यांनीं पुढें काय केलें, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. संगीताच्या बाबतींत तर श्रोता वगळून लिहिलेला इतिहास अर्धाच होय. या दृष्टीनें ‘रमोन्स’ या अमेरिकन चौकडीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचें उदाहरण मननीय आहे. चाल गोड पण वाजविणें आडदांड, अशा ज्या संगीतप्रकारास पुढें ‘पॉप-पंक’ हें नांव पडलें, त्याच्या मूळ झऱ्यांत या ध्वनिमुद्रिकेची गणना होते.

प्रथम त्या काळाची स्थिति पाहूं. १९७६ च्या सुमारास अमेरिकेंतील रॉक संगीत ऐश्वर्याच्या शिखरावर होतें. त्या वर्षाच्या जानेवारींत निघालेली पीटर फ्रॅम्प्टन यांची जोड-ध्वनिमुद्रिका दहा आठवडे अग्रस्थानीं राहिली. हजारों श्रोत्यांनीं भरलेलीं क्रीडागृहें आणि मिनिटेंच्या मिनिटें चालणारें गिटारवादन हा तेव्हांचा थाट होता. वादकांचें नैपुण्य जसजसें वाढलें, तसतसें व्यासपीठ उंच होत गेलें आणि श्रोता दूर दूर बसूं लागला. ऐकणाऱ्या मुलाला एकच गोष्ट कळे : हें आपल्याला कधींहि साधावयाचें नाहीं.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागांत फॉरेस्ट हिल्स नांवाची वस्ती आहे. तेथील चार तरुणांस हें अंतर मान्य नव्हतें. त्यांचीं खरीं आडनांवें निरनिराळीं; पण बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनी यांनीं एके काळीं धारण केलेल्या टोपणनांवावरून चौघांनींहि ‘रमोन’ हें एकच आडनांव घेतलें. जोई गाई, जॉनी गिटार वाजवी, डी डी बास वाजवी. चौथा टॉमी मूळचा बुडापेस्टचा. तो व्यवस्थापक व्हावयास आला होता, परंतु मनाजोगा ड्रमवादक मिळेना म्हणून स्वतःच ड्रमपुढें बसला. हिली क्रिस्टल यांनीं १९७३ च्या अखेरीस बावरी या कंगाल वस्तींत ‘सी. बी. जी. बी.’ हें मद्यगृह उघडलें होतें. तेथें १९७४ च्या ऑगस्टपासून ही चौकडी वाजवूं लागली.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७६ मध्यें मुद्रित झाली. क्रेग लिऑन हे तिचे निर्माते. एका आठवड्याच्या आसपास काम आटोपलें आणि खर्च आला सुमारें ६,४०० डॉलर. २३ एप्रिल रोजीं सायर कंपनीनें ती बाजारांत आणिली. तींत १४ गीतें आहेत, आणि सर्व मिळून अवघीं २९ मिनिटें. बीटल्सच्या आरंभींच्या मुद्रिकांप्रमाणें गिटार एका बाजूस आणि बास दुसऱ्या बाजूस ठेविला होता. यांतून एक सोय आपोआप झाली : एका बाजूचा आवाज बंद केला कीं दुसरें वाद्य स्पष्ट ऐकूं येई, आणि त्याच्याबरोबर घरीं बसून वाजवितां येई. ‘सेक्स पिस्टल्स’चा सिड व्हिशस याच मुद्रिकेच्या साथीनें बास शिकला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तसें शिकणें शक्य होतें हें महत्त्वाचें.

बाजाराचा कौल मात्र निराशाजनक होता. ‘बिलबोर्ड’च्या यादींत ती १११ व्या क्रमांकापलीकडे चढली नाहीं. टीकाकारांनीं तिची उपेक्षा केली असें मात्र नव्हे. ‘व्हिलेज व्हॉइस’मध्यें रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनीं तिला ‘ए’ ही श्रेणी दिली. म्हणजे जाणता एकीकडे आणि जनता दुसरीकडे, असा हा प्रकार झाला. वास्तविक या चौघांस विद्वन्मान्यता नको होती. त्यांस हवी होती लोकप्रियता. १९६० नंतरच्या दशकांतील तरुणींच्या गायनसंचांच्या चाली त्यांच्या कानांत घुमत होत्या.

कांहीं श्रोत्यांस शब्दांनीं दूर लोटलें, हेंहि सांगितलें पाहिजे. गोंद हुंगणें, खोडकर पोराला बडविणें, इतकेंच नव्हे तर नाझींच्या घोषणांचें विडंबन, असे विषय या गीतांत आहेत. हा उपहास कीं उत्तेजन, असा वाद तेव्हांच निघाला. जोई आणि टॉमी हे दोघेहि यहुदी कुळांतील, आणि टॉमीचे अनेक आप्त नाझींच्या संहारांत बळी पडलेले, हें लक्षांत घेतां उपहासाचा पक्ष बळकट ठरतो. पण उपहास ओळखण्यास वक्त्याचा परिचय लागतो, आणि तबकडी परिचय करून देत नाहीं. तेव्हां ज्यांस तो रुचला नाहीं त्यांस अरसिक म्हणून हिणवणें न्यायाचें होणार नाहीं.

खरा प्रतिसाद उमटला तो समुद्रापलीकडे. ४ जुलै १९७६ या दिवशीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेस दोनशें वर्षें पुरीं होत असतां, ही चौकडी लंडनच्या राउंडहाउसमध्यें वाजली. या एका रात्रींतून इंग्लंडांतील पंक जन्मास आलें, असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें खरें नव्हे. सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९७५ मध्येंच झाला होता. आणि त्याच ४ जुलैच्या रात्रीं ते शेफील्ड येथें, ‘क्लॅश’ या नव्या संचास बरोबर घेऊन, वाजवीत होते. पेटलेली चूल कोणी नव्यानें पेटवीत नाहीं. तिच्यावर फुंकर घालतो. रमोन्सनीं इंग्लंडांतील तरुणांस दोन गोष्टी दिल्या. एक वेग, आणि दुसरी धीटपणा. पुढील कांहीं महिन्यांत तेथें जे संच उभे राहिले, त्यांतील अनेकांनीं हें ऋण पुढें मोकळेपणानें कबूल केलें. श्रोते थोडे होते, पण त्यांतले पुष्कळ ऐकून उठले ते वाद्य हातीं घेऊनच.

पुढील हिशेब मात्र मनास चटका लावतो. २२ वर्षांत रमोन्सनीं २,२६३ कार्यक्रम केले. तरी त्यांचें एकहि गीत अमेरिकेंतील लोकप्रियतेच्या पहिल्या चाळीसांत पोंचलें नाहीं. १९९४ मध्यें ‘ग्रीन डे’ या संचाची ‘डूकी’ निघाली. त्याच वळणाची ती मुद्रिका एकट्या अमेरिकेंत एक कोटीहून अधिक खपली. १९९६ च्या ऑगस्टमध्यें रमोन्सनीं अखेरचा कार्यक्रम केला. जोई २००१ सालीं वारला, डी डी २००२ सालीं, जॉनी २००४ सालीं. पहिल्या मुद्रिकेस पांच लक्ष प्रतींबद्दलचें सुवर्णपदक मिळालें २०१४ सालीं. तें पाहावयास चौघांपैकीं एकटा टॉमी उरला होता. त्याच वर्षाच्या जुलैंत तोहि गेला.

काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हां कोठें तरी समानधर्मा भेटेलच, ही भवभूतीची आशा अशा वेळीं आठवते. या चौकडीच्या बाबतींत ती पृथ्वीनें आधीं खरी केली आणि काळानें फार उशिरां. काळ न्याय करितो, असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु काळ न्याय करितो तो कृतीला. कर्त्याला न्याय देण्यास समकालीन श्रोताच लागतो. तें काम त्यानें पुढच्या पिढीवर ढकललें, तर ती पिढी पदक देईल, पण घ्यावयास हात उरलेले नसतील.