कापूस खामगावचा, मनोरे मुंबईचे

गावाच्या क्षितिजावर सर्वांत उंच काय दिसते, यावरून त्या गावात सत्ता कोणाची हे पुष्कळदा ओळखता येते. आपल्या सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्याचे प्रवेशद्वार पाहावे. एरवी आपल्या गावांत उंची होती ती गढीची, देवळाच्या शिखराची, मशिदीच्या मिनाराची. चौथी उंची आली ती कापसामुळे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे डोळे लागले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा सुरू झाला. एका बाजारासाठी रेल्वे वळवून आणली, यावरून त्या बाजाराचे मोल कळावे. व्होल्कार्टसारखी स्विस पेढी येथे खरेदीला आली. सरकी काढणारे व गाठी बांधणारे कारखाने वाफेवर चालू लागले आणि त्यांची धुराडी घरांच्या धाब्यांवर चढली.

वाड्याचा धनी गावात राही. लोक त्याला भीत असतील, शिव्याही देत असतील. पण त्याला ओळखत. पेढीचा धनी विंटरथूरला की लंडनला, हे गाडीवानाला कोठून ठाऊक असणार? (सगळीच धुराडी परक्यांची नव्हती, हेही सांगितले पाहिजे.) आज ज्याला आपण कंपनीचा टॉवर म्हणतो, त्याचा पूर्वज आम्हांस या धुराड्यात दिसतो.

पैसा मात्र गाठींबरोबर मुंबईस गेला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद गबर झाले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, तेही बुडाले. पण त्यांनी आधीच दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. उंची २८० फूट! त्यात वऱ्हाडचा वाटा किती, हे कोणी मोजले नाही. पण तो होता, यात आम्हांस शंका नाही.

पुढे परळ-लालबागवर गिरण्यांची धुराडी दाटली. १९८२ च्या संपानंतर ती विझत गेली. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीतून महापालिका, सार्वजनिक घरे आणि मालक असे तीन वाटे ठरले होते. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली. जमिनीवर मग काचेचे मनोरे उठले. ही उंची वास्तुशास्त्राने नव्हे, एका दुरुस्तीने दिली, असे आमचे मत आहे.

लोअर परळला फिनिक्स गिरणीचे धुराडे तेवढे राखून ठेवले आहे. भोवतालच्या इमारतींपुढे ते ठेंगणे दिसते. खामगावचा कोणी तेथे गेला, तर गर्दीत त्याला तेच ओळखीचे वाटेल.