'मैदानी सावज' आणि काडतुसाची निवड : एका वर्गनामाचा इतिहास

पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील शिकारीविषयक ग्रंथांत प्राण्यांची जी विभागणी आढळते ती प्राणिशास्त्रज्ञाने केलेली नाही. ती बंदूकधाऱ्याने केलेली आहे. हत्ती, गेंडा, रानरेडा, सिंह आणि बिबट्या हे पाच एका बाजूला, आणि उरलेली बहुतेक खुरांची जनावरे 'मैदानी सावज' या एका नावाखाली दुसऱ्या बाजूला. 'प्लेन्स गेम' या इंग्रजी संज्ञेसाठी हा पर्याय आम्ही सोयीखातर योजला आहे. मूळ संज्ञेइतकाच तोही दिशाभूल करणारा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. या वर्गात पाचेक किलो वजनाचे डिक-डिक येते, आपल्या काळविटाएवढे स्प्रिंगबॉक येते, अडीचशे किलोंच्या आसपासचे विल्डबीस्ट येते. आणि ज्याचा पूर्ण वाढलेला नर सातशे किलोंच्या घरात जातो, म्हणजे आपल्या नीलगाईच्या नराच्या सुमारे तिप्पट भरतो, तो ईलंडही येतो. बरे, ही सारी जनावरे मैदानावरची तरी आहेत काय? कुडू झुडुपांत राहतो, क्लिपस्प्रिंगर खडकांवर. त्यांच्यात समान गोष्ट एकच : त्यांच्यासाठी शिकारी जड रायफल उचलीत नसे, हलकी उचलीत असे. हे वर्गनाम जनावरांचे नसून काडतुसाचे आहे. या नावाने जी खोटी एकरूपता निर्माण केली तिची किंमत जखमी होऊन निसटलेल्या जनावरांनी मोजली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. स्वाहिलीतील 'सफारी' आणि मराठीतील 'सफर', स्वाहिलीतील 'बुंदुकी' आणि आपली 'बंदूक' ही एकाच अरबी घरची भावंडे होत. आपले 'काडतूस' मात्र पोर्तुगीजांकडून आले. जनावरांच्या नावांची कथा याहून बोधक आहे. 'ईलंड' हा डच भाषेत उत्तर युरोपातील एका मोठ्या सारंगाचा वाचक शब्द. केपमध्ये उतरलेल्या डच वसाहतवाल्यांनी तो एका सर्वस्वी निराळ्या प्राण्यास लावला. अनोळखी प्राणी घरच्या नावाने ओळखावयाचा, हा झाला भाषेचा स्वभाव. पुढे अनोळखी प्राणी घरच्या काडतुसाने मारावयाचा, हा शिकाऱ्याचा स्वभाव झाला.

काळ्या दारूच्या युगात निवडीचा प्रश्न फारसा बिकट नव्हता. फ्रेडरिक सेलूस १८७१ साली दक्षिण आफ्रिकेत उतरला, त्यानंतरच्या वर्षांत हत्तीसाठी त्याने 'चार बोअर'च्या, तोंडाकडून ठासावयाच्या बंदुका वापरल्या. एका पौंड शिशात चार गोळ्या, असे ते माप. वेग वाढविण्यास मर्यादा असल्यामुळे अधिक परिणाम हवा तर गोळी जाड करावयाची, एवढा एकच मार्ग मोकळा होता. फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने १८८४ साली निर्धूम दारू सिद्ध केली आणि हे गणित उलटले. गोळी बारीक झाली, लांब झाली, आणि तिचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. या वेगात उघडे शिसे नळीतील आट्यांवर टिकत नाही, म्हणून तिला कठीण धातूचे कवच चढवावे लागले. बोअर लोकांच्या हाती आलेली सात मिलिमीटरची मौझर आणि इंग्रजांची थ्री-नॉट-थ्री या दोन्ही याच पिढीच्या.

पण ही कवचबंद गोळी सैनिकासाठी घडविलेली होती. हरणाच्या फुफ्फुसांतून ती सुईसारखी आरपार जाई. छिद्र लहान, रक्ताचा माग तुटक; जनावर मैलभर धावून झुडुपांत दडे आणि तेथे सावकाश मरे. कळप दाटीने उभा असला तर मागचे दुसरे जनावरही जायबंदी होई. यावरील उपायाचे नाव आपल्या देशातले आहे. चित्रळच्या १८९५ च्या मोहिमेनंतर थ्री-नॉट-थ्रीची गोळी शत्रूला थोपवीत नाही अशी तक्रार झाली, आणि कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचे कवच काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. शरीरात शिरताच ती फुलते व रुंद जखम करते. ग्रामनामाचे सामान्यनाम होण्याचे इतके भीषण उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. हेगच्या १८९९ च्या जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या.

शिकारीत मात्र नेमकी तीच, मऊ टोकाची गोळी, धर्म्य ठरली. हा विरोधाभास केवळ दिसण्यापुरता आहे. युद्धात शत्रू लढण्यास असमर्थ झाला की हेतू साधतो. जखमी सैनिकामागे वैद्य असतो. जखमी कुडूमागे तरस असतो.

या टप्प्यावर एका थोर शिकाऱ्याचे उदाहरण अनेकांना चकवून गेले. वॉल्टर बेल याने हजारांहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील पुष्कळसे सात मिलिमीटरच्या रिग्बी रायफलीने. त्यावरून 'बेलला हत्तीला जी रायफल पुरली ती आम्हांस ईलंडाला का पुरू नये?' असा युक्तिवाद पुढे वारंवार झाला. तो सदोष आहे. बेल कवचबंद गोळी वापरीत असे आणि ती मेंदूत घालीत असे. हत्तीच्या कवटीची रचना त्याने मुद्दाम अभ्यासली होती. त्याने सिद्ध केले ते गोळी सरळ व खोल जाण्याचे महत्त्व. नळीचा व्यास गौण आहे हे त्यातून निघते. कोणतीही गोळी चालते, हे निघत नाही.

दुसरा चकवा वेगाचा. १९०६ साली अमेरिकेने थर्टी-ओ-सिक्सचे काडतूस स्वीकारले; थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मोंबासाला उतरले तेव्हा त्यांच्याजवळच्या तीन प्रमुख रायफलींपैकी सर्वांत हलकी याच काडतुसाची होती. पुढे वेग वाढतच गेला. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे कागदावर मोहक दिसते. पण सेकंदाला सातशे मीटर वेगासाठी घडविलेली मऊ टोकाची गोळी नऊशे मीटर वेगाने खांद्याच्या हाडावर आदळली की तेथेच फुटते. शिसे व कवच अलग होतात. जखम रुंद पण उथळ होते. आणि आफ्रिकी कुरंगांचे हृदय तर खांद्याच्या आड, बरेच खाली असते. यावरचा ठोस उतारा आफ्रिकेत सापडला नाही. कॅनडात १९४६ साली चिखलाने माखलेल्या एका सारंगावर गोळ्या फुकट गेल्यावर जॉन नॉस्लर या अमेरिकनाने दोन कप्प्यांची गोळी योजिली : मध्ये धातूची भिंत, पुढचे शिसे फुलावयाचे, मागचे आत घुसावयाचे. व्यास आणि वेग यांच्या अर्धशतकी वादात जो तिसरा घटक नीट विचारात घेतला गेला नव्हता तो, म्हणजे गोळीची घडण, येथे मध्यभागी आला. जॉन टेलर याच्या १९४८ च्या प्रसिद्ध ग्रंथात प्रत्येक काडतुसाला 'आघातमूल्य' दिले आहे. त्या सूत्रात वजन, वेग व व्यास आहेत, घडण नाही.

१९८९ पासून संपूर्ण तांब्याच्या गोळ्या मिळू लागल्या. त्या फुलतात पण तुकडे सोडीत नाहीत. बोट्स्वानातील गिधाडांच्या रक्तात शिसे आढळल्यामुळे त्यांच्याकडे केवळ शिकाऱ्याच्या सोयीची गोष्ट म्हणून पाहता येत नाही. शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांतून शिशाचे कण गिधाडांच्या पोटात जाऊ शकतात.

कायद्याची भाषा मात्र अद्याप जुनीच आहे. नामिबियाच्या नियमांनुसार स्प्रिंगबॉकसाठी काडतुसाची नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जा १,३५० ज्यूल, आणि विल्डबीस्ट, कुडू व ईलंड यांना सरसकट २,७०० ज्यूल लागते. 'मैदानी सावज' या नावाचे येथे दोन तुकडे पडले, ही सुधारणाच म्हणावयाची. पण अडीचशे किलोंचे विल्डबीस्ट व सातशे किलोंचा ईलंड अजून एकाच रकान्यात आहेत. १८९० च्या दशकातील सात मिलिमीटरची लष्करी गोळी ११.२ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर. गुणाकार केला तर सुमारे २,७४० ज्यूल येतात. हरणांना आरपार भोसकून झुडुपांत मरावयास पाठविणारी तीच ती गोळी, ऊर्जेच्या या कसोटीस आजही उतरते.